तीर्थ, फेरी आणि ‘बेटाची सहल’

देवदर्शनाच्या सहलींना अलीकडे एक ठरावीक क्रम येऊन चिकटला आहे. पहाटे गावातून बस निघते. समोरच्या काचेवर ‘देवदर्शन यात्रा’ ही अक्षरे झेंडूच्या माळेखाली झळकत असतात. फोंडे महालातील एका देवळापुढे बस थांबते, पंधरा मिनिटांत दर्शन उरकते, तीर्थप्रसाद हातात पडतो न पडतो तोच ‘चला, उशीर होतोय’ अशी हाक येते. उशीर कशाला होतो? तर समुद्रावरच्या नौकेला. मुरगावजवळच्या ग्रांडे बेटाच्या बाजूला ही नौका जाते. वाटेत डॉल्फिन मासे दाखवतात, बेटाच्या आडोशाला नांगर टाकतात, तोंडात नळी धरून पाण्याखालचे जग पाहायला लावतात, डब्यातले जेवण वाढतात आणि दुपार कलली की परत आणतात. संध्याकाळ बाजारासाठी राखलेली असते. शिंपल्यांच्या माळा, ‘गोवा’ असे छापलेले बनियन, कपाटाला चिकटवायची चुंबके यांनी पिशव्या भरतात आणि मंडळी मध्यरात्री घरी पोचतात. दिवस बेटाला गेला, पैसा बाजाराला गेला. देवाच्या वाट्याला पंधरा मिनिटे आणि काचेवरची अक्षरे आली.

आमचा वाद आहे तो या अक्षरांशी.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट होईल. ‘मौज पाप आहे, पाण्यात खेळू नये, बाजारात हिंडू नये’ असे सांगणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. तरुणांना आणि बायकामुलांना वर्षातून एक दिवस मोकळा हवा, हे कोणी नाकारील तर तो माणूस घरात राहिलेलाच नाही असे म्हणावे लागेल. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. पाण्याची मौज आणि खरेदीची हौस या दोन्ही गोष्टी आपल्या देवधर्माने कधी दूर लोटल्या नाहीत. उलट त्यांना देवळाच्या आवारात आणि नदीच्या काठी मानाची जागा दिली. ज्यांच्या घरातच भरलेला रांजण आहे, त्यांनी दुसऱ्याच्या दारी पैसे मोजून ओंजळ धरावी, याचे आम्हांस दुःख आहे.

रांजण भरलेला आहे की नाही, हे तपासून पाहू. साखळीकराला दूर जाण्याचे कारण नाही. वाळवंटीच्या काठी विठ्ठलापूरला विठ्ठलाचे मंदिर आहे. कार्तिकातील त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री त्या काठावर माणसांची जी दाटी होते, ती कशासाठी? त्रिपुरासुराचा वध पाहण्यासाठी आणि नदीत सोडलेल्या नौका पाहण्यासाठी. या नौका कोणी भाड्याने दिलेल्या नसतात. वाड्यावाड्यांतली मुले कित्येक दिवस आधीपासून त्या आपल्या हातांनी रचतात, सजवतात, त्यांत दिवे लावतात, आणि चांदण्यात त्या काळ्या पाण्यावर सरकू लागल्या की ‘ती आमची’ म्हणून बोट दाखवतात. जलक्रीडा याहून वेगळी काय असते?

जरा खाली उतरून कुंभारजुव्याला या. तेही बेटच आहे. भाद्रपदात गणपतीच्या सातव्या दिवशी तेथे सांगोड निघतो. दोन होड्या एकमेकींना बांधून त्यांवर फळ्यांचा मंच घालतात, मंचावर पुराणातले आणि आजच्या जगातलेही देखावे उभे करतात, आणि वाद्यांच्या गजरात ते तरंगते देखावे खाडीतून फिरतात. दोन्ही काठांवर सबंध पंचक्रोशी उभी असते. तिसरे उदाहरण नार्व्याच्या अष्टमीचे. गोकुळाष्टमीला नार्वे येथे नदीत स्नान करण्यासाठी लोक पिढ्यानपिढ्या जमत आले आहेत. नदी तीच, श्रावणातले गढूळ पाणीही तेच. परंतु त्या दिवशी ते पाणी ‘पंचगंगा’ या नावाने हाक मारण्याजोगे होते. ही तीन ठिकाणे साखळीपासून मोटारीने अर्ध्यापाऊण तासापलीकडची नाहीत. पाण्यात जाण्यासाठी आपल्याला समुद्रापर्यंत धावायला कोणी लावले?

खरेदीचेही तसेच. आपल्याकडे जत्रेला ‘फेरी’ म्हणतात, यातच सारे आले. देवळाभोवती फेरी घालायची आणि दुकानांभोवतीही. एकीवाचून दुसरी पुरी होत नाही. फेरीत आले-गुळाचे खाजे असते, चणे-बत्तासे असतात, मातीची मडकी, लाकडी पाट, केरसुण्या, सुपे, मुलांच्या पिपाण्या असतात. पणजीला अष्टमीची फेरी भरते, चवथीच्या आधी माटोळीचा बाजार भरतो, पावसाळ्यापूर्वी पुरुमेताच्या वस्तू घेण्यासाठी बाया लांबून येतात. या साऱ्या बाजारांचे सूत्र एकच: तेथे घेतलेली वस्तू घरात कामाला येते. मडक्यात पाणी थंड होते, सूप धान्य पाखडते, समई देवापुढे जळते. डिचोलीच्या कुंभाराचे मडके आणि डिचोलीची पितळी समई यांना ‘आठवणीची वस्तू’ असे कोणी कधी म्हटले नाही. रोज हाताला लागणाऱ्या वस्तूची वेगळी आठवण काढावी लागत नाही.

आता सहलीतल्या पिशवीत काय येते ते पाहावे. ज्या चुंबकावर ‘गोवा’ लिहिलेले असते, ते गोव्यात कोणी केलेले असते काय? विकणाऱ्याला विचारले तर तोही हसतो. शिंपल्यांच्या आणि पोवळ्यांच्या वस्तूंबद्दल तर मंडळींना साधा कायदाही ठाऊक नसतो. पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि २००१ साली शंख-शिंपल्यांच्या कित्येक जातीही त्यात आणल्या गेल्या. देवाच्या यात्रेहून परतताना पिशवीत कायद्याने मना केलेली वस्तू असावी, आणि ती देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात मांडली जावी, यासारखा विरोधाभास शोधूनही सापडणार नाही.

कोणी म्हणेल, ‘वस्तू वस्तूच, एक मडके काय नि एक चुंबक काय!’ फरक वस्तूत आहे तितकाच व्यवहारात आहे. फेरीतला दुकानदार दरवर्षी त्याच झाडाखाली बसतो. त्याच्या बापाने तुमच्या आजीला दिलेले मडके गळले असेल तर त्याची तक्रार तुम्ही पुढच्या वर्षी त्याच्यापुढे करू शकता, आणि ती तो ऐकूनही घेतो. पैसे हातातून हातात जाताना ‘देव बरें करूं’ हे शब्दही जातात. सहलीच्या बाजारात घेणारा पुन्हा यायचा नसतो आणि विकणाऱ्याला तो पुन्हा यावा असे वाटतही नाही. एका ठिकाणी समाज आहे, दुसऱ्या ठिकाणी केवळ गिऱ्हाईक. पाण्याच्या बाबतीतही हाच भेद. विठ्ठलापूरच्या काठावर जो उभा असतो तो स्वतः नौका करणारा असतो, निदान तिचा भाचा तरी असतो. ग्रांडे बेटाच्या नौकेवर तो तिकिटावरचा एक आकडा असतो. पहिल्या ठिकाणी उत्सव संपल्यावर काठ झाडायला गावच येते. दुसऱ्या ठिकाणी रिकाम्या बाटल्या कोणी उचलायच्या हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ते पाणी कोणाचेच नसते.

येथवरचे विवेचन रुचीचे झाले. रुची ज्याची त्याला, असे म्हणून वाचक हा लेख बाजूला ठेवील, म्हणून आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. मुद्दा बेटाचा आहे. गोव्यातल्या हिंदूला ‘बेट’ या शब्दाचा अर्थ ‘नारळीची झाडे, वाळू आणि थंड पेय’ असा लावता येत नाही. आपल्या देवांची घरे बेटांवर होती.

दिवाडी हे बेट. जुने नाव दीपवती. या बेटावरच्या नार्व्याला श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय होते. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे दैवत. त्या देवाच्या वरप्रसादाने आपण राज्य करतो, अशी अक्षरे त्यांनी आपल्या सोन्याच्या नाण्यांवर उमटवली. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत देवालयावर संकट आले. विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभे केले. पुढे १५४० च्या सुमारास पोर्तुगीज अमलात तिसवाडीतल्या देवळांचा विध्वंस झाला, त्यात तेही पडले. लिंग नदीपलीकडे डिचोली महालात आणले गेले, आणि ज्या गावात ते स्थिरावले तेही नार्वेच. तेथे शके १५९० म्हणजे १६६८ साली श्रीशिवछत्रपतींच्या आज्ञेने देवालयाच्या जीर्णोद्धाराचा आरंभ झाला; दारावरचा शिलालेख आजही त्याची साक्ष देतो. राज्य शासनाने अलीकडे त्या वास्तूची दुरुस्ती करून फेब्रुवारी २०२३ मध्ये ती पुन्हा खुली केली. पैल काठावर, दिवाडीच्या जुन्या नार्व्यात, तळीचे दगड मात्र अजून आहेत. देव अलीकडे, तळी पलीकडे, आणि मधून नदी वाहते आहे.

चोडण हे दुसरे बेट. माशेलचा देवकीकृष्ण मूळचा तिथला. तो प्रथम मये येथे आणि तेथून माशेलला आला. मये आपल्या डिचोली तालुक्यातलेच गाव. खांडोळ्याचा गणपती मूळ दिवाडीवरचा. माशेलची शांतादुर्गा तर आपल्या नावातच बेट घेऊन बसली आहे. तिला आजही ‘कुंभारजुवेकरीण’ म्हणतात. ज्या समाजाने देवीला साडेचारशे वर्षे तिच्या जुन्या गावाच्या नावाने हाक मारली, तो समाज बेट विसरला नव्हता. तो आता विसरू लागला आहे, आणि तेही कोणाच्या जुलमाने नव्हे, एका तिकिटाच्या मोहाने.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यांनी जे केले त्याचा जाब आज दिवाडीवर वा चोडणवर राहणाऱ्या आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्याला विचारणे हे अन्यायाचे आहे, आणि मूर्खपणाचेही. खाजन शेतीचे बांध तो राखतो, शेती तो कसतो, फेरीबोटीत आपल्याला जागाही तोच देतो. आमचा रोख शेजाऱ्यावर नाही. तो आमच्याच विस्मरणावर आहे. देव जेव्हा नदी ओलांडून आणावा लागला तेव्हा आपल्या पूर्वजांपाशी सत्ता नव्हती, शस्त्र नव्हते, पैसाही फारसा नव्हता. होती ती स्मृती. ती त्यांनी राखली म्हणून देव राहिले. आज आपल्यापाशी बस आहे, पैसा आहे, मतही आहे. आणि स्मृती पंधरा मिनिटांत उरकली जाते!

‘तीर्थ’ हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ तरून जाणे, पार होणे. तीर्थ म्हणजे उतार, जिथून नदी ओलांडता येते ती जागा. नार्व्याहून दिवाडीला जाणारी फेरीबोट या अर्थाने अक्षरशः तीर्थावरून जाते. काही मिनिटांचा तो प्रवास. परंतु त्यात देवाने ज्या पाण्यावरून प्रवास केला तेच पाणी आपल्या पायांखाली असते. हे ज्याला ठाऊक आहे त्याला नळी तोंडात धरून पाण्याखालचे जग पाहण्याची गरज वाटत नाही. पाण्यावरूनच त्याला पुष्कळ दिसते. ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने ती फेरीबोट म्हणजे वाट पाहायला लावणारी एक जुनी लोखंडी होडी. मुलाला यांपैकी कोणती फेरीबोट द्यायची, हे आईबापांच्या हाती आहे. आमच्या वादात जे पणाला लागले आहे ते हेच.

साखळीच्या उशाशी हरवळे आहे. रुद्रेश्वराच्या देवळाजवळ धबधबा कोसळतो. त्याच स्थळी गोव्यातले लोक आपल्या गेलेल्या माणसांचे अंत्यविधी आणि श्राद्धकर्मे करण्यासाठी येतात. पावसाळ्यात कधी तेथे जाऊन उभे राहावे. एका बाजूला सुतक फेडायला आलेले कुटुंब ओल्या वस्त्रांनी बसलेले. दुसऱ्या बाजूला मोटारीतून गाणे लावून, आरडाओरडा करीत पाण्यात उड्या टाकणारी टोळी. दोघांनाही पाणी हवे आहे. परंतु आपण कोणाच्या शेजारी उभे आहोत, हे दुसऱ्याला सांगणारे कोणी नाही. तो परगावचा असेल तर एक वेळ क्षम्य. परंतु त्या टोळीत आपल्याच आळीतले चेहरे असतात, याला काय म्हणावे?

आता पूर्वपक्ष ऐकू. पहिला आक्षेप पोटाचा आहे आणि तो हलका नाही. डिचोली तालुक्याने कित्येक वर्षे खाणींवर संसार केला. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि ट्रक, बार्ज, गॅरेज यांवर जगणारी घरे उघड्यावर आली. २०२४ पासून डिचोलीत खाणकाम काही प्रमाणात पुन्हा सुरू झाले, तरी ते दिवस परत आलेले नाहीत. ‘मग पर्यटनावाचून लोकांनी खावे काय?’ असा प्रश्न केला जातो. आमचा प्रतिप्रश्न असा: साखळीची बस समुद्रावर जाऊन जो पैसा टाकते, त्यातला किती पैसा डिचोलीच्या कुंभाराच्या चाकापर्यंत पोचतो? पोटाचाच विचार करायचा तर तो आपल्या तालुक्यातल्या पोटाचा आधी करावा. खाणींनी आपल्याला एक धडा पुरेपूर शिकवला आहे. डोंगर विकून आलेला पैसा आला तसा गेला आणि डोंगर परत आले नाहीत. तोच हिशेब पाण्याला लागू आहे. वाळवंटीचे पाणी शुद्ध होऊन नळांनी आपल्या स्वयंपाकघरात येते. नदीकडे केवळ मौजेची जागा म्हणून पाहणारा समाज उद्या त्याच नळाखाली घागर लावून बसणार आहे.

दुसरा आक्षेप तरुणांचा. ‘मुलांना या जुन्या गोष्टींचा कंटाळा येतो,’ असे आईबाप मोठ्या समजूतदारपणे सांगतात. कंटाळा येतो तो मुलांना की आईबापांना? त्रिपुरारीच्या रात्री नौका रचणारे हात कोणाचे असतात? सांगोडावर रामरावण होऊन उभे राहणारे कोण असतात? तरुणच ना! जेथे मुलांच्या हाती काम दिले जाते तेथे ती कंटाळत नाहीत. जेथे त्यांना ओळीत उभे करून ‘नमस्कार करा, चला’ असे सांगितले जाते तेथेच ती कंटाळतात. पंधरा मिनिटांचे दर्शन मुलांनी ठरवलेले नाही, ते आपण ठरवले आहे.

तिसरा आक्षेप वेदान्ताचा आहे: ‘देव अंतरी आहे, दिवाडी काय नि ग्रांडे काय, सारे एकच.’ हे वाक्य ज्याच्या तोंडी शोभेल असा पुरुष शतकातून एखादा होतो. बाकीच्यांनी ते उच्चारले की ते आळसाचे पांघरूण ठरते. सारे एकच असेल तर बसच्या काचेवर ‘देवदर्शन’ लिहिण्याची तरी काय गरज? ‘सहल’ लिहावे आणि खुशाल जावे. आम्ही हात जोडून निरोप देऊ, डब्यात लाडूही घालू. देवाचे नाव भाड्याने देऊ नये, एवढीच विनंती.

केवळ दोष दाखवून थांबणे हे टीकाकाराचे काम असेल, गावकऱ्याचे नव्हे. म्हणून देवस्थानांच्या समित्यांपुढे आणि महिला मंडळांपुढे एक दिवसाची आखणी ठेवतो. साखळीहून सकाळी निघून डिचोलीमार्गे नार्वे गाठावे. सप्तकोटेश्वरापुढे घटकाभर बसावे. शिलालेख एखाद्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. मग फेरीबोटीने दिवाडीला उतरून तळीपर्यंत चालत जावे, आणि देव येथून तेथे कसा गेला ते वडीलधाऱ्यांनी सांगावे. दिवाडी ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने जुन्या गोव्याला, तेथून बाणस्तारीच्या बाजूने माशेलला यावे. देवकीकृष्ण आणि कुंभारजुवेकरीण यांचे दर्शन घ्यावे, प्रत्येकाचे मूळ बेट कोणते ते मुलांना विचारावे. खांडोळ्याच्या गणपतीपुढे आरती करून आमोण्याच्या पुलावरून घरी परतावे, आणि वाटेत डिचोलीला थांबून प्रत्येक घराने एक मडके, एक पणती किंवा ऐपत असेल तर एक समई घ्यावी. या एका दिवसात दोन वेळा पाणी ओलांडले जाते, बेटही पाहिले जाते, खरेदीही होते. खर्च त्या दुसऱ्या सहलीच्या निम्माही येणार नाही.

ज्या मंडळींना पाण्याचीच हौस अनावर आहे त्यांनी पुढच्या त्रिपुरारीला एक नौका करावी. भाड्याच्या नौकेत बसलेला माणूस उतरला की नौका दुसऱ्याची होते. आपण केलेली नौका विझून, भिजून वाळवंटीच्या वळणापलीकडे गेली तरी आपलीच राहते.

बसच्या काचेवर काय लिहायचे ते समित्यांनी ठरवावे. मात्र लिहिलेल्या अक्षरांना जागावे, एवढे तरी आपण देवाचे देणे लागतो.